‘व्हेरिफाय ओके’, आणि तरी गाडी बंद: चिप प्रोग्रॅमरच्या बिघाडाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्याचं हे प्रकरण आहे तो जुन्या गाड्यांची इंजिनं ट्यून करतो. नावगाव सांगत नाही. इथे त्याला ‘ट्यूनर’च म्हणू. कार्ब्युरेटर असो की इंजेक्टर, इंजिनाच्या आवाजावरून त्याला बरंच कळतं. इलेक्ट्रॉनिक्स मात्र तो अडेल तसं, कामापुरतं शिकला. माझा धंदा सर्किट दुरुस्तीचा, त्यामुळे काही अडलं की फोन मला येतो.

गाडी होती १९९२ ते १९९५ च्या पिढीतली होंडा सिव्हिक, तिच्यात पी२८ हा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. या ईसीयूत कारखान्याचा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या पोटातच असतो, पण बोर्डावर बाहेरच्या मेमरीसाठी जागा मोकळी ठेवलेली असते. तिथे २८ पिनांचं सॉकेट, ७४एचसी३७३ हा लॅच (पत्ता धरून ठेवणारी चिप) आणि आजूबाजूचे चार-दोन बारीक भाग सोल्डर केले, जे१ हा जंपर जोडला, की प्रोसेसर पोटातलं सोडून बाहेरच्या चिपमधलं वाचायला लागतो. इंधनाचे आणि इग्निशनचे तक्ते बदलायचे ते या चिपमध्ये.

सॉकेटची मूळ रचना २७सी२५६ या ३२ केबीच्या, म्हणजे ३२,७६८ बाइटच्या चिपसाठी आहे. ती चिप खिडकीवाली. पुसायची तर २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावी लागते. रोज दहा वेळा तक्ता बदलणाऱ्याला एवढा धीर कुठला? म्हणून या कामात एसएसटी या कंपनीची २७एसएफ५१२ रूढ झाली. ती विजेवर क्षणात पुसली जाते आणि त्याच सॉकेटमध्ये बसते. फक्त ती ६४ केबीची आहे, जागेच्या दुप्पट. या ‘फक्त’पाशी आपल्याला पुढे परत यायचं आहे.

प्रोग्रॅमर म्हणजे लॅपटॉपवरची फाइल चिपवर लिहिणारा तळहाताएवढा बोर्ड. वीज यूएसबीवरूनच घेतो आणि वर खटक्याचं ३२ पिनांचं सॉकेट आहे. चार वर्षं त्याने कुरकुर केली नव्हती.

मग एकाच आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या. जुना लॅपटॉप डिस्कसकट गेला, नवा आला. एसएसटीच्या चिप संपल्या, त्या आता सहज मिळत नाहीत, म्हणून ट्यूनरने डब्ल्यू२७सी५१२ छापलेल्या दहा जुन्या, बोर्डावरून काढलेल्या चिप मागवल्या. आणि नव्या लॅपटॉपला पोर्ट कमी म्हणून प्रोग्रॅमर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या हबवर गेला, मध्ये तीन मीटरची एक्स्टेन्शन केबल. तिसरा बदल त्याने मला पहिल्या फोनवर सांगितलाच नाही. केबल हा कुणाला बदल वाटत नाही.

अडचण

ग्राहकाने मोठे इंजेक्टर बसवले होते. जुन्याच तक्त्यावर गाडी चालवली तर मिश्रण फार जाड, म्हणजे इंधन जास्त, होणार, म्हणून नव्या इंजेक्टरचा हिशेब धरून तयार केलेली फाइल चिपवर लिहायची होती. नेहमीचं काम.

पहिली नवी चिप: पुसली, ‘ब्लँक चेक’ (चिप कोरी झाली का ही तपासणी) नापास. दुसरी: तेच. तिसरी पुसली गेली, लिहिली गेली, लिहिलेलं तपासलं, व्हेरिफाय ओके. ती ईसीयूत घातली आणि चावी फिरवली. या गाडीत सगळं ठीक असेल तर चेक इंजिनचा दिवा साधारण दोन सेकंद लागून विझतो आणि तेवढाच वेळ मागून इंधनपंपाची घूं अशी घरघर ऐकू येते. इथे दिवा लागला तो लागलाच राहिला, आणि पंप गप्प.

संध्याकाळपर्यंत दहापैकी सहा चिप वापरून झाल्या. त्यांतल्या तिनांवर ‘व्हेरिफाय ओके’ आलं, पण त्या तिन्ही गाडीत चालल्या नाहीत. उरलेल्या तिन्ही कधी पुसताना तर कधी लिहिल्यावर तपासताना अडत होत्या, आणि दर वेळी वेगळ्याच पत्त्यावर.

इथपर्यंत कुणीही हेच केलं असतं. पुढचं पाऊल मात्र महागात गेलं. ग्राहकाच्या ईसीयूतून सकाळी काढलेली एसएसटीची चिप समोर होती. ‘चिप खराब की प्रोग्रॅमर, आत्ता कळेल’ म्हणून त्याने तीच प्रोग्रॅमरवर चढवली, पुसली आणि तिच्यावर नवी फाइल लिहिली. पहिल्या झटक्यात व्हेरिफाय ओके. गाडीत घातली. दिवा लागूनच.

रात्री फोन आला: “दादा, प्रोग्रॅमर गेला. खोटं बोलतोय. ओके म्हणतो आणि आत काहीच लिहीत नाही. सकाळपर्यंत चालत होती ती चिपसुद्धा त्याने मारली.”

पुराव्यावरून पाहिलं तर त्याचा निष्कर्ष वेडगळ नव्हता. चालणारी चिप या यंत्रातून गेली आणि चालेनाशी झाली. आणखी काय हवं?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नवा प्रोग्रॅमर मागवण्याचा. ट्यूनरचं मन तिकडेच होतं. यात धोका असा की नवं यंत्रही त्याच लॅपटॉपला, त्याच केबलवर, त्याच चिपसाठी लागणार होतं. बिघाड यंत्राबाहेर असेल तर आठवडाभर थांबून पुन्हा तिथेच.

दुसरा, दोष चिपना देऊन दुसरीकडून चिप मागवणं. पण मग एसएसटीची जुनी चिप का चालली नाही, याला उत्तर उरत नव्हतं.

तिसरा, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर काढून पुन्हा घालणं. हे त्याने मला न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळी केलं, दोनदा, तीन तास घालवून. मला हा पर्याय सुरुवातीपासून कच्चा वाटत होता. यूएसबीचा ड्रायव्हर बिघडला तर यंत्र सापडत नाही, जोडणी मधेच तुटते, ‘उत्तर आलं नाही’ म्हणून सॉफ्टवेअर थांबतं. ६५,५३६ बाइट नीट वाचून त्यातले मोजके बारा-पंधरा बाइट चुकवणारा ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही. लोक ड्रायव्हरकडे आधी वळतात कारण तिथे हात काळे होत नाहीत.

चौथा पर्याय होता काहीही न लिहिता फक्त वाचायचं. वाचायला ५ व्होल्ट पुरतात. पुसण्या-लिहिण्याचा मोठा व्होल्टेज लागत नाही, चिपला इजा होत नाही. मी हाच सुचवला आणि एक अट घातली: मी येईपर्यंत एकाही चिपवर ‘इरेझ’चं बटण दाबायचं नाही.

निर्णयाची पहिली जागा: एक बिघाड की दोन?

गेल्यावर मी आधी त्याच्याकडून सगळा क्रम पुन्हा ऐकला आणि कागदावर उतरवला. कोणती चिप, पुसली गेली का, लिहिली गेली का, गाडीत चालली का. चार रकाने. ते भरल्यावर जे दिसलं ते फोनवर ऐकून लक्षात आलं नसतं.

एसएसटीची चिप पुसताना आणि लिहिताना एकदाही अडली नव्हती. तरी गाडीत चालली नाही. नव्या सहापैकी तीन अडल्या, तीन लिहिल्या गेल्या, आणि लिहिल्या गेलेल्या तिन्ही गाडीत चालल्या नाहीत. म्हणजे ‘लिहिताना अडणं’ आणि ‘गाडीत न चालणं’ यांचा एकमेकांशी संबंधच दिसत नव्हता. अडणं काही चिपपुरतं होतं. न चालणं सरसकट होतं. दोन वेगळे रोग एकाच रोग्याला झाले होते आणि आम्ही दोघं एकच औषध शोधत होतो.

ईसीयूवर संशय घ्यायचं कारण नव्हतं; सकाळी गाडी त्याच सॉकेटवर, त्याच जंपरवर स्वतःच्या पायांनी आत आली होती. तरी सॉकेटचे पाय भिंगाखाली पाहून घेतले. स्वच्छ.

निर्णयाची दुसरी जागा: चुकलेले बिट कोणत्या बाजूला झुकतात?

न चालण्याचं नंतर पाहू म्हटलं, आधी अडणाऱ्या चिप. व्हेरिफाय नापास झाल्यावर बहुतेक जण फक्त ‘नापास’ वाचतात. पण सॉफ्टवेअर त्याच ओळीत सांगत असतं की कुठल्या पत्त्यावर काय हवं होतं आणि काय सापडलं. खरा माल तिथे आहे.

या जातीच्या चिपमध्ये पुसलेली जागा म्हणजे सगळे बिट १, बाइट एफएफ (हे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या मोजणीतले; एक अक्षर चार बिटांचं). लिहिणं म्हणजे हवे तिथे १ चा ० करणं. ० चा १ फक्त पुसण्याने होतो, आणि तोही अख्ख्या चिपचा एकदम. त्यामुळे चूक कोणत्या दिशेची आहे यावरून गुन्हेगार कळतो. हवा १ आणि सापडला ०, तर पुसणं अपुरं. हवा ० आणि सापडला १, तर लिहिणं अपुरं. प्रत्येक पत्त्यावर तोच एक बिट चुकत असेल तर त्या डेटा पिनचा संपर्क सुटलाय. आणि ठरावीक अंतराने तोच मजकूर पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पत्त्याची एखादी पिन लागत नाही.

ट्यूनरच्या स्क्रीनवरच्या तीन ओळी मी वहीत उतरवल्या:

हवं ५ए, सापडलं ४ए.
हवं डी७, सापडलं ९५.
हवं ३ई, सापडलं २ई.

५ए म्हणजे ०१०१ १०१०, आणि ४ए म्हणजे ०१०० १०१०. एका १ चा ० झालेला. डी७ म्हणजे ११०१ ०१११, आणि ९५ म्हणजे १००१ ०१०१. दोन ठिकाणी १ चा ०. तिसरीतही तेच. पुढच्या सगळ्या ओळी पाहिल्या, एकही उलटी नाही. पत्त्यांना क्रम नाही, चुकणारा बिटही दर वेळी तोच एक नाही. म्हणजे पिन ठीक, लिहिणंही ठीक. पुसणं अपुरं पडत होतं.

आता एसएसटी आणि डब्ल्यू२७सी५१२ यांत फरक काय? लिहायला दोन्हींना १२ व्होल्टच्या आसपास लागतात. पुसायला एसएसटीला तेवढेच पुरतात. डब्ल्यू२७सी५१२ ला मात्र १४ व्होल्ट हवेत, २२ नंबरच्या पिनवर आणि ए९ या पत्त्याच्या पिनवर, सुमारे १०० मिलिसेकंद. एसएसटी सुखरूप पुसली जाते आणि ही नाही, याचा अर्थ १२ मिळतात, १४ मिळत नाहीत.

यूएसबीवरून येतात ५ व्होल्ट. १४ बनवतो प्रोग्रॅमरमधला बूस्ट कन्व्हर्टर. बाहेर जास्त व्होल्ट हवेत म्हणून तो आतून जास्त करंट ओढतो. केबल बारीक आणि लांब असेल तर त्या करंटमुळे केबलीतच व्होल्ट गळतात, मग आत ५ चे कमी पोचतात, मग कन्व्हर्टर आणखी करंट ओढतो. शिवाय स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नसलेल्या हबने एका पोर्टला १०० मिलिअँपिअरच द्यावेत असा यूएसबी २.० चा नेम आहे. लॅपटॉपचा पोर्ट ५०० देतो.

ट्यूनर म्हणाला, “पण मी मल्टिमीटर लावून बघितलं. ४.९ होतं.” खरं होतं. पण त्याने पाहिलं ते यंत्र निवांत असताना. पुसण्याचा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आटोपतो. साध्या मीटरचे आकडे तेवढ्यात बदलतसुद्धा नाहीत. मी मीटर कमीत कमी मूल्य पकडण्याच्या मोडवर टाकला आणि आधीच बिघडलेली एक चिप पुसायला लावली. ४.३. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर २२ नंबरच्या पिनवर व्होल्टेज १३ च्या खालीच अडखळत होतं आणि शेवटी शेवटी आणखी कलत होतं. हब आणि लांब केबल काढून प्रोग्रॅमर थेट लॅपटॉपला, त्याच्या मूळच्या आखूड केबलने जोडला. १३.९, आणि शेवटपर्यंत सरळ.

याच मोजणीने आणखी एक शंका मिटली. चार वर्षांच्या बोर्डावरचे कपॅसिटर थकले असतील असं मला येताना वाटत होतं, बदलायला बरोबरही नेले होते. पिशवीतच राहिले.

मधेच सापडलेली भानगड

आखूड केबलवर तीनपैकी दोन चिप पुसल्या गेल्या. तिसरी ढिम्म. तेव्हा सगळ्या चिपची ओळख वाचायची ठरवली. प्रत्येक चिपच्या पोटात बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा असे दोन बाइट कोरलेले असतात. ए९ वर १२ व्होल्ट दिले की दिसतात. डब्ल्यू२७सी५१२ ने डीए आणि ०८ म्हणायला हवं. आठांनी म्हटलं. त्या ढिम्म चिपने आणि न वापरलेल्या चारांतल्या एकीने २० आणि ३डी म्हटलं. ही एम२७सी५१२ ची खूण. खिडकी नसलेल्या प्लास्टिकच्या अंगात ती म्हणजे एकदाच लिहिता येणारी चिप, विजेने काय, उन्हानेही न पुसली जाणारी. कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन वरची छपाई पुसली, अक्षरं कापसावर आली. कुणीतरी घासून दुसरं नाव छापलं होतं.

हे वाचन पहिल्या दिवशी, पहिली चिप चढवण्याआधी झालं असतं तर? सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण आहे. चिपमागे पाच सेकंदांचं काम.

निर्णयाची तिसरी जागा: ओके कशाला म्हणतात?

आता चिप बिनतक्रार पुसल्या जात होत्या, लिहिल्या जात होत्या, व्हेरिफाय ओके येत होतं. गाडीत दिवा तसाच.

‘व्हेरिफाय’ काय करतं ते एकदा नीट पाहू. सॉफ्टवेअरच्या बफरमध्ये, म्हणजे फाइल उघडून ठेवतात त्या जागेत, जे आहे तेच चिपमध्ये आहे का, एवढंच ते तपासतं. बफरमध्ये आहे ते ईसीयूच्या उपयोगाचं आहे का, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. प्रोग्रॅमर खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होता.

यापुढे तर्क करत बसण्यापेक्षा चालणारी चिप समोर ठेवून तुलना करावी, पण ग्राहकाची चिप तर आदल्या दिवशीच पुसली गेली होती. ट्यूनरला थोड्या वेळाने आठवलं की त्याच्या स्वतःच्या गाडीतही असाच ईसीयू आहे, दोन वर्षांपूर्वी जुन्या लॅपटॉपवरून लिहिलेली एसएसटीची चिप आहे, आणि ती गाडी दारात उभी आहे, म्हणजे चालते. ती चिप काढली. खटका दाबायच्या आधी त्याने माझ्याकडे पाहून “फक्त रीड” असं मोठ्याने म्हटलं.

स्क्रीनवर पहिली ओळ आली: एफएफ एफएफ एफएफ. दुसरीही. पानामागून पान, नुसतं एफएफ. ट्यूनरचा चेहरा उतरला. त्याला वाटलं हीसुद्धा गेली. मी खाली सरकवत राहिलो. ७एफएफएफ पर्यंत, म्हणजे बरोबर पहिला अर्धा भाग, कोरं. आणि ८००० वर पोचताच आकड्यांची दाटी सुरू, ती थेट एफएफएफएफ पर्यंत.

शेजारच्या खिडकीत त्याने कालपासून लिहिलेली चिप उघडली. तिच्यात बरोबर उलटं. ०००० ते ७एफएफएफ भरलेलं, ८००० पासून पुढे कोरं.

आता त्या ‘फक्त’कडे येऊ. ३२ केबीच्या २७सी२५६ मध्ये १ नंबरची पिन ही लिहिण्याच्या व्होल्टेजची असते, आणि नुसतं वाचायचं असेल तेव्हा ती ५ व्होल्टला बांधून ठेवतात. ईसीयूच्या बोर्डावर ती तशीच बांधलेली आहे. ६४ केबीच्या चिपमध्ये मात्र तीच १ नंबरची पिन ए१५ असते, पत्त्याची सगळ्यात वरची रेघ. ती कायम ५ व्होल्टला, म्हणजे कायम १. त्यामुळे या सॉकेटमध्ये ६४ केबीची चिप बसवली की ईसीयूला तिचा वरचा अर्धा भागच दिसतो, ८००० पासून पुढचा. खालच्या अर्ध्यात काहीही लिहा, तिथे कुणी बघायला येत नाही. ईसीयू रोज सकाळी उठून नुसतं एफएफ वाचत होता.

जुन्या लॅपटॉपवर हे पत्ते चार वर्षांपूर्वी कुणीतरी, बहुधा प्रोग्रॅमर जोडून देणाऱ्याने, एकदाच भरले होते. सॉफ्टवेअर ते लक्षात ठेवत होतं. ट्यूनरने ती चौकट उघडून कधी पाहिली नव्हती, पाहायची वेळच आली नव्हती. नव्या लॅपटॉपवर नव्याने घातलेलं सॉफ्टवेअर ०००० पासून सुरू होत होतं.

केलेली कृती

बफरमध्ये फाइल ८००० पासून चढवली, लिहिण्याची हद्द ८००० ते एफएफएफएफ केली. ओळख वाचून खरी ठरलेली एक चिप पुसली, कोरी असल्याचं तपासलं, लिहिली. मग मी एक जादा गोष्ट करायला लावली: चिप सॉकेटमधून काढून, पुन्हा बसवून, वाचून, वाचलेल्या वरच्या अर्ध्याची मूळ फाइलशी तुलना. लिहिल्यालिहिल्या होणाऱ्या व्हेरिफायमध्ये चिप हललेली नसते. काढून घातल्यावर ढिला संपर्कही उघडा पडतो.

चावी फिरवली. दिवा लागला, पंपाची घूं आली, दिवा विझला. ट्यूनर स्टार्टर मारायला हात नेणार तोच मी थांबवलं. आदल्या दिवशीच्या अर्धवट पुसलेल्या चिपच्या तीन ओळी माझ्या डोक्यातून जात नव्हत्या. पूर्ण कोरी चिप गाडी चालूच करत नाही, ती निरुपद्रवी. एखाद-दुसरा बिट चुकलेली चिप गाडी छान चालू करते आणि इंधनाच्या तक्त्यातला तो एक खण नेमका भरधाव असताना, पूर्ण लोडवर उघडते. तिथे मिश्रण पातळ निघालं तर पिस्टन जातो. म्हणून एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (मिश्रण जाड की पातळ ते मोजणारा) लावूनच इंजिन चालू करायचं ठरलं.

निष्पत्ती

प्रोग्रॅमर आजही तोच आहे. आठ खऱ्या चिपपैकी सात पहिल्या प्रयत्नात पुसल्या गेल्या. एकीला दोनदा पुसावं लागलं. ती त्याला ठेवायची होती, मी टाकायला लावली. दुसऱ्यांदा पुसून पास झाली तरी काठावर असलेला बिट टेबलावर एका मूल्याचा वाचला जातो आणि तापलेल्या गाडीत दुसऱ्या, असं होऊ शकतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

नुकसान वेगळ्याच जागी झालं. इंजिन चालू झालं, पण आयडल डळमळत होतं आणि अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण भलतीकडे जात होतं. आधी मोठ्या इंजेक्टरचा हिशेब चुकला असं वाटलं. मग ट्यूनरने फाइलची तारीख पाहिली. ज्या फाइलवरून त्याने नवी फाइल बनवली होती ती बॅकअपमधली, तीन आवृत्त्या जुनी. ग्राहकाच्या गाडीची शेवटची, रस्त्यावर दोन दिवस घालवून बसवलेली आवृत्ती जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर होती, ती गेली. आणि चिपवर होती, ती त्याने परवा संध्याकाळी स्वतःच्या हाताने पुसली होती. ते दोन दिवस त्याला पुन्हा, पदरमोड करून, द्यावे लागले.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, ती चिप पुसणं. चाचणीसाठी चालणारी वस्तू घ्यायची कल्पना बरोबरच होती, पण तिच्यावर लिहून त्याने तिचं ‘चालणारी’ असणंच संपवलं. नुसती वाचली असती तर एका मिनिटात दोन गोष्टी हातात आल्या असत्या: ग्राहकाचा तक्ता फाइलमध्ये, आणि ८००० पासून सुरू होणारा मजकूर डोळ्यांसमोर. खरं तर बिघाड नसता तरी, बाहेरून आलेली प्रत्येक चिप आधी वाचून ठेवायला हवी होती.

तीन बदल एकदम आले, त्याला त्याचा इलाज नव्हता; लॅपटॉप सांगून बंद पडत नाही. पण नव्या लॅपटॉपवर पहिलं काम जुन्या, ओळखीच्या एसएसटीच्या चिपवर, जुन्याच केबलने झालं असतं तर पत्त्यांची चूक एकटी समोर आली असती आणि अर्ध्या तासात सुटली असती. पुसण्याचा घोळ नंतर नव्या चिपबरोबर वेगळा आला असता.

माझ्याही बाजूने एक चूक झाली. पहिल्या फोनवर मी ‘काय होतंय’ एवढंच विचारलं. ‘मागच्या वेळी चालला त्यानंतर काय काय बदललं’ हे विचारलं नाही. हब आणि केबलची गोष्ट तेव्हाच कळली असती आणि ड्रायव्हरवरचे तीन तास वाचले असते. आता मी तो प्रश्न आधी विचारतो, आणि उत्तरात ‘काहीच नाही’ आलं तर केबलचा वेगळा विचारतो.

त्या दोन खोट्या चिपचं काय केलं, हे सांगायचं राहिलं. एकीत आधीचाच कुठलातरी कचरा होता, ती गेली कचऱ्यात. दुसरी, न वापरलेल्या चारांतली, वाचली तर पूर्ण कोरी निघाली. प्रोग्रॅमरच्या यादीत एम२७सी५१२ होती. ट्यूनरने तिच्यावर पी२८ चा साधा, कसलाही बदल न केलेला तक्ता ८००० पासून लिहिला, अंगावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि आता गाडी अडली की आधी तीच घालून बघतो. इरेझचं बटण दाबलं तरी ती पुसली जात नाही.